ट्रकच्या ट्यूबवर इंजिन बसवणाऱ्यांनो, आधी भागाकार करा

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. "मामा, चेन निसटली आणि केसला भोक पडलं." केस म्हणजे क्रँककेस, इंजिनाचं खालचं ॲल्युमिनियमचं कवच. पोरं सुखरूप आहेत, फक्त ऑइल जमिनीवर आहे, एवढं कळल्यावर मी विचारलं, "माउंटिंग कशावर केलं होतं?" पलीकडे शांतता. मग हळूच, "ट्रकच्या ट्यूबवर."

तो मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चौघांनी मिळून वाघोलीतल्या एका शेडमध्ये चौकोनी पाइपची दोन सीटची गाडी जोडायला घेतली आहे, १९५७ साली आलेल्या लोटस सेव्हन या हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धाटणीची. विलायतेत अशा गाड्यांचे सुटे भाग खोक्यात भरून विकत मिळतात, लोक घरच्या गॅरेजमध्ये गाडी जोडतात आणि कित्येक जण तिच्यात बाइकचं इंजिन घालतात. आपल्याकडे तसं खोकं मिळत नाही. म्हणून पाइप भवानी पेठेतून आणि इंजिन अपघातात ठोकलेल्या केटीएम ड्यूक ३९० बाइकमधलं, आधीच्या पिढीचं, ३७३ सीसीचं. मागं अख्खा एक्सल, त्यावर मोठं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, मध्ये चेन. गाडी मोकळ्या प्लॉटबाहेर काढणार नाही, असं त्यानं माझ्या बहिणीला वचन दिलंय.

इथवर सगळं ठीक होतं. मग त्यांना तो मेसेज मिळाला: 'बाइकचं इंजिन चारचाकीत? व्हायब्रेशन शून्य करण्याचे ५ देशी उपाय'. लिहिणाऱ्याचं नाव नाही, '२० वर्षांचा अनुभव' मात्र आहे. मला तो तीनदा आला. एकदा तर आमच्या सोसायटीच्या चेअरमनकडून, ज्यांनी आयुष्यात स्कूटरचा प्लगसुद्धा बदललेला नाही. मी भोसरीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप चालवतो, त्यामुळे अशा उपायांचे अवशेष माझ्याकडेच येतात. तेव्हा एकदाच लिहून टाकतो.

मेसेजचा पहिला उपाय: 'इंजिनाखाली ट्रकच्या ट्यूबचे तुकडे घड्या घालून ठेवा. रबर जितकं मऊ, तितकं व्हायब्रेशन कमी. अमेरिकेत १९३१ पासून हेच करतात.'

यातलं अर्धं खरं आहे, आणि घात तिथंच होतो. रबरावर बसवलेल्या इंजिनाला हलण्याची स्वतःची एक लय असते. इंजिनाचे धक्के त्या लयीच्या साधारण १.४ पटीहून वेगवान झाले की रबर ते अडवायला लागतं. त्याच्या आत असतील तर अडवणं राहिलं बाजूला, उलट वाढवतं. सिंगल सिलिंडरचं इंजिन आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता नुसतं चालू असताना, १५०० आरपीएमवर सेकंदाला २५ हिसके देतं. तिथं नीट अडवायचं तर ती लय सेकंदाला ८ च्या आसपास हवी, आणि त्यासाठी रबर नुसत्या इंजिनाच्या वजनानं ४ मिलिमीटर दबायला हवं. म्हणजे मऊच हवं. इथपर्यंत मेसेजवाला पास.

आता चेन जोडा. हे इंजिन क्रँकवर, म्हणजे पिस्टननं फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर, साधारण ३५ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं. प्रायमरी रिडक्शन (क्रँक आणि क्लचमधली गिअरची जोडी) आणि पहिला गिअर मिळून तो सुमारे सात पट होतो, म्हणजे पुढच्या स्प्रॉकेटवर २४५. स्प्रॉकेट १५ दातांचं, चेन ५२० मापाची, म्हणजे स्प्रॉकेटची त्रिज्या ३८ मिलिमीटर. भागाकार केला की चेनची ओढ निघते जवळपास साडेसहा हजार न्यूटन, म्हणजे ६५० किलो. इंजिनाचं स्वतःचं वजन ४० किलोच्या आत. ४० किलोला ४ मिलिमीटर दबणारं रबर ६५० किलोला किती सरकेल? त्रैराशिक मांडलं तर ६५ मिलिमीटर. वर ही ओढ आडवी, आणि आडव्या ओढीला रबर आणखी लवकर नमतं. अर्थात एवढं सरकायच्या आधीच ते फाटेल किंवा इंजिन कशावर तरी आदळेल.

शेडमध्ये नेमकं हेच झालं. क्लच सोडला, इंजिन एक्सलकडे झेपावलं, चेनचा झोळ झाला. थ्रॉटल सोडलं, इंजिन मागं आलं. दोन-तीन हिसक्यांत चेन दातांवर चढली, स्प्रॉकेट आणि केसच्या मध्ये गोळा झाली आणि ॲल्युमिनियम फोडून मोकळी झाली. भाचा म्हणतो, "पण मामा, आयडलला एकदम मख्खन चालत होतं." चालणारच. आयडलला चेन ओढत नाही.

आणि ते १९३१? त्या साली प्लिमथ या अमेरिकन गाडीनं 'फ्लोटिंग पॉवर' नावानं रबरावरचं इंजिन आणलं, हे खरं. पण त्या गाडीत ताकद मागं जाते जोड असलेल्या शाफ्टमधून. तिथं इंजिनाला कुणी चेननं खेचत नाही. शिवाय ती रबरं जागा दिसेल तिथं कोंबलेली नव्हती. ज्या अक्षाभोवती इंजिन डोलणार तो त्याच्या गुरुत्वमध्यातून जावा, असं बघून त्यांची जागा ठरवली होती.

चेनही हवी आणि मऊ रबरही हवं, असा हट्ट असेल तर नॉर्टन कमांडो बघा. १९६७ ची बाइक. तिचे दोन्ही पिस्टन एकदम वर, एकदम खाली, म्हणजे थरथरीत तिचं इंजिन एका मोठ्या सिंगलचंच भावंड. नॉर्टनवाल्यांनी इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं चाक धरणारा स्विंगआर्म एका पाळण्यात घट्ट बसवला आणि तो अख्खा पाळणा फ्रेममध्ये रबरावर टांगला. चेनची ओढ पाळण्यातल्या पाळण्यात जिरते, रबराला तिचा पत्ताही लागत नाही. पुढं कित्येक वर्षं ती बाइक अशीच विकली गेली.

चारचाकीत तेच करायचं तर इंजिन आणि एक्सलच्या बेअरिंगा एकाच सबफ्रेमवर, म्हणजे वेगळ्या छोट्या सांगाड्यावर, घ्या. तेवढी जागा नसेल तर कडक रबरी बुश वापरा आणि इंजिनाच्या मागच्या लगपासून (बोल्टसाठीच्या कानापासून) एक्सलची बेअरिंग धरणाऱ्या कॅरिअरपर्यंत, चेनच्या रेषेजवळ, टर्नबकलचा, म्हणजे फिरवून लांबी कमी-जास्त करता येणारा, दांडा द्या. ओढ दांडा घेईल, वजन बुश पेलतील. दांड्यातून थोडी थरथर चेसिसमध्ये येईल. येऊ द्या. आणि प्रत्येक बुशमधून बोल्ट आरपार हवा, दोन्हीकडे मोठे वॉशर, म्हणजे रबर फाटलं तरी इंजिन जागेवर राहील. ट्यूबच्या घडीत हे कुठून येणार?

दुसरा उपाय वाचून मी मोबाइल खाली ठेवला होता: 'बॅलन्सर शाफ्ट काढून टाका, फिरणारं वजन कमी म्हणजे व्हायब्रेशन कमी आणि पिकअप वाढेल.' अहो, पिस्टनचे धक्के तोलायला इंजिनात फिरणारा तो वजनदार दांडा कंपनीनं शोभेला ठेवलाय का? या इंजिनाचा स्ट्रोक ६० मिलिमीटर. पिस्टनसकट वर-खाली होणारं वजन ३०० ग्रॅम धरा. ९००० आरपीएमला त्याचा धक्का भरतो आठ हजार न्यूटन, म्हणजे ८०० किलो, सेकंदाला १५० वेळा. त्यातला साधारण निम्मा क्रँकचं काउंटरवेट (उलट बाजूचं वजन) सांभाळतं, उरलेला हा शाफ्ट. तो काढलात की ४०० किलोची मोगरी सेकंदाला १५० वेळा आतून हाणत राहणार. भाच्यानं हा उपाय केला नाही, कारण इंजिन उघडायला पुलर (घट्ट बसलेले भाग ओढून काढायचं हत्यार) नव्हता. कधीकधी हत्यार नसणं बरं.

'बोल्ट पान्याला पाइप लावून आवळा' हा तिसरा. सैल बोल्टनं थरथर वाढते, मान्य. पण १० एमएमच्या ८.८ ग्रेड बोल्टला ४५ ते ५० न्यूटन-मीटर पुरतात. खरा घोळ असतो ब्रॅकेटचा. वेल्डिंगनंतर पट्टी दीड-दोन मिलिमीटर ओढली जाते, आणि मग लोक बोल्टच्या जोरावर फट मिटवतात. ॲल्युमिनियमचा लग तेव्हापासून वाकलेल्या ताणात राहतो आणि एक दिवस तडकतो. आवळायच्या आधी फटीत शिम (पातळ पत्र्याची चकती) घाला, बोल्ट बोटांनी आत गेला पाहिजे.

पाइपमध्ये वाळू किंवा फोम भरणं हा चौथा. वाळूनं पाइपचा झणझणाट दबतो, पण वजन वाढतं आणि पुण्याच्या पावसाळ्यात आतून गंज लागतो. फोम भरलेल्या पाइपवर पुन्हा वेल्डिंग केलंत तर विषारी धूर तुमच्याच नाकात. त्यापेक्षा जो पाइप झणझणतोय त्याला एक तिरपा पाइप द्या. पाचवा उपाय, सायलेन्सरचा पाइप चेसिसला वेल्ड करून 'इंजिनाला आधार' देण्याचा. इंजिन हलतं, चेसिस हलत नाही, मग तडा कुठं जाईल ते तुम्हीच सांगा. तिथं लवचिक जोड लागतो, आणि पेट्रोलच्या नळीलाही थोडी ढील.

भाच्याची केस आर्गॉन वेल्डिंगला दिली आहे. नव्या पाळण्याला काल माझ्याकडेच वेल्डिंगचे टॅक (तात्पुरते टाके) मारले, टर्नबकल रविवारी जुन्या बाजारात बघायचा आहे. चेअरमनना हा हिशोब मी पाठवला. त्यांनी अंगठा दाखवला आणि खाली विचारलं, "मग ट्यूब कुठल्या कंपनीची घेऊ?"