‘वर्षानंतर बाळाचे कान बंद होतात’ या मेसेजबद्दल खुलासा

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर यांनी सिद्ध केलंय की पहिल्या वाढदिवसानंतर बाळाचे कान नव्या भाषेला बंद होतात, म्हणून आत्तापासूनच इंग्रजी व्हिडिओ लावा.

वर्कर यांच्या संशोधनातून असा निष्कर्ष निघत नाही. रिचर्ड टीस यांच्यासोबतचा त्यांचा १९८४ चा अभ्यास कॅनडातला. इंग्रजी बोलणाऱ्या घरातलं बाळ मांडीवर बसलेलं असतं. स्पीकरवर हिंदीतला एकच ध्वनी, समजा ‘त’, पुन्हा पुन्हा वाजतो आणि मध्येच ‘ट’ येतो. फरक जाणवला की बाळ मान वळवतं, आणि बक्षीस म्हणून बाजूच्या डब्यातलं खेळणं उजळून हलू लागतं. ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हे जमलं, १० ते १२ महिन्यांच्या फार थोड्यांना. म्हणजे कान घरच्या भाषेशी जुळवून घेतो. पण वर्कर यांच्याच १९८५ च्या प्रयोगात इंग्रजीभाषक प्रौढांनाही विशिष्ट परिस्थितीत हा फरक ओळखता आला! मग कान ‘बंद’ कसे?

व्हिडिओचा सल्ला तर त्याहून चुकीचा. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या अभ्यासात ९ महिन्यांची अमेरिकन बाळं समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून मँडरिनचे ध्वनी शिकली, टीव्हीवरून नाही.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. आणि बाळाशी घरातल्या मराठीत भरपूर बोला.