मावशीने माझ्या मुलाची विष्ठा का मागितली

परवा रात्री सांगलीहून मावशीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आवाज बारीक करून म्हणाली, "तुझा धाकटा अगदी निरोगी आहे ना रे? त्याच्या पोटाची कधी तक्रार नसते ना?" मग बराच वेळ अडखळून जे मागितलं ते शीर्षकात आलंच आहे. मावशी ६१ वर्षांची. अकरा वर्षं आयबीएसने, म्हणजे सारखं पोट दुखून शौचाचं तंत्र बिघडवणाऱ्या आतड्याच्या जुनाट दुखण्याने, हैराण आहे. लग्नाकार्याला जायचं म्हटलं तरी आधी संडास कुठे आहे ते विचारून घेते. अशा बाईला ही आशा कोणी लावली? भिशीच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका मेसेजने. तो मी वाचला आणि रात्रभर चडफडत राहिलो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: आयबीएस म्हणजे आतड्यातले जंतू बिघडणं, बाकी काही नाही. निरोगी नातेवाइकाचा मळ एनिमाने घेतला की ८९ टक्के रुग्ण कायमचे बरे होतात, नॉर्वेत हे सिद्ध झालंय आणि डॉक्टर ते लपवतात. हे घरी करता येतं. रोज प्रोबायोटिक (चांगल्या जंतूंची औषधं) घ्या, इसबगोल बंद करा, त्याने आतडी आळशी होतात. तपासण्या म्हणजे निव्वळ लूट.

आधी ते ८९ टक्के. हा आकडा खरा आहे आणि म्हणूनच माणसं फसतात. मॅग्डी एल-साल्ही यांनी नॉर्वेत १६५ रुग्णांवर केलेली ही चाचणी २०२० साली 'गट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. जगातला कुठलाही डॉक्टर ती वाचू शकतो, लपवलं काय? ५५-५५ जणांचे तीन गट होते. एका गटाला, तुलनेसाठी, ज्याचा त्याचा स्वतःचाच मळ दिला, दुसऱ्याला दात्याचा ३० ग्रॅम, तिसऱ्याला ६० ग्रॅम. तीन महिन्यांनी फरक पडलेले अनुक्रमे सुमारे २४, ७७ आणि ८९ टक्के.

आता 'फरक पडला' म्हणजे काय ते बघा. त्रास मोजायची पट्टी ५०० गुणांची. त्यात ५० गुण कमी झाले की फरक पडला असं धरायचं. म्हणजे ४०० वरून ३५० वर आलेला माणूसही त्या ८९ टक्क्यांत बसतो, आणि त्या पट्टीवर ३५० म्हणजे अजूनही तीव्र त्रास. 'कायमचे बरे' हे शब्द मेसेज लिहिणाऱ्याने पदरचे घातले. शिवाय दाता एकच होता, मुद्दाम पारखून निवडलेला आणि तपासलेला. आणि मळ एनिमाने दिलाच नव्हता! तोंडावाटे दुर्बीण घालून तो लहान आतड्यात सोडला होता. ज्या पुराव्याचा दाखला देऊन घरी एनिमा घ्यायला सांगताय, त्या पुराव्यात एनिमाच नाही.

याच नियतकालिकात २०१८ साली डेन्मार्कची चाचणी आली होती, ती मेसेजमधून सोयीस्करपणे गळली आहे. ५२ रुग्ण, दात्यांच्या मळाच्या कॅप्सूल. घेणाऱ्यांच्या आतड्यातले जंतू खरोखर बदलले. पण तीन महिन्यांनी जास्त आराम कुणाला होता? ज्यांना नुसत्या खोट्या कॅप्सूल दिल्या होत्या त्यांना. जंतू बदलले, पोट होतं तिथेच राहिलं. हा एकच निकाल मेसेजचा पाया उखडायला पुरेसा आहे. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, एजीएने, २०२४ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितलंय की आयबीएससाठी हा उपचार संशोधन-चाचणीबाहेर करू नये.

आणि 'घरी करता येतं' हे वाक्य लिहिणाऱ्याच्या मी खरंच पाया पडतो, बाबा रे, ते काढ. जून २०१९ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी औषध नियंत्रक संस्थेने, इशारा दिला होता. प्रतिकारशक्ती कमी झालेल्या दोन रुग्णांना एकाच दात्याचा मळ दिला गेला. त्यात अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारा ई. कोलाय नावाचा जंतू होता, त्याची चाचणी आधी झाली नव्हती. दोघांना गंभीर संसर्ग झाला, एक जण दगावला. हे वैद्यकीय देखरेखीखाली झालं. आपल्याकडे असे चिवट जंतू धडधाकट माणसांच्या पोटातही सर्रास असतात, त्यांना स्वतःला काही होत नाही. माझा मुलगा अकरावीत आहे, दणकून जेवतो, क्रिकेट खेळतो. त्याच्या पोटात काय आहे ते मला काय ठाऊक? कावीळ, एचआयव्ही, जंत, चिवट जंतू हे सगळं तपासल्याशिवाय त्याला दाता म्हणणं हा मावशीच्या जिवाशी खेळ आहे.

हा उपचार अगदीच थोतांड आहे का? नाही. क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल नावाच्या जंतूच्या पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या जुलाबांवर त्याचा फार चांगला उपयोग होतो. २०१३ च्या डच चाचणीत १६ पैकी १३ जण पहिल्याच खेपेला बरे झाले. पण तो आजार वेगळा.

जंतूंचा आयबीएसशी संबंध आहे, एवढं मान्य करावं लागतं. दूषित अन्नपाण्याने जुलाब झालेल्यांपैकी साधारण दहात एकाला पुढे आयबीएस जडतो. रिफॅक्सिमिन या प्रतिजैविकाच्या २०११ च्या चाचण्यांत सुमारे ४१ टक्क्यांना आराम पडला. पण खोट्या गोळीवरही ३२ टक्क्यांना पडलाच. फरक नऊ टक्क्यांचा. आतड्याच्या नसा जास्त हुळहुळ्या होणं, आतड्याची हालचाल बिघडणं, मेंदू आणि आतड्यातले निरोप चुकणं, हेही या दुखण्यात आहे. सगळं खापर जंतूंवर फोडून भागत नाही.

प्रोबायोटिकचं म्हणाल तर काहींना बरं वाटतं. ब्रिटिश तज्ज्ञ म्हणतात, बारा आठवडे घेऊन बघा, गुण नाही आला तर थांबा.

इसबगोलाबद्दल मात्र शुद्ध खोटं लिहिलंय. नेदरलँड्समध्ये २७५ रुग्णांवर झालेल्या २००९ च्या चाचणीत इसबगोलाचा उपयोग झाला, गव्हाच्या कोंड्याने काहींचा त्रास उलट वाढला. स्वस्त, घरोघरी मिळणारी, कामाची वस्तू मावशीने या मेसेजपायी दोन आठवडे बंद ठेवली होती.

राहिली तपासण्यांची 'लूट'. पन्नाशीनंतर पोटाचा त्रास नव्याने सुरू झाला किंवा त्याची तऱ्हा बदलली, शौचात रक्त दिसलं, वजन उतरलं, रक्त कमी झालं, रात्री झोपेतून उठून जावं लागलं, तर आयबीएस म्हणून गप्प बसायचं नसतं. आतड्याचा क्षय, आतड्याची सूज, कॅन्सर यांपैकी काही नाही ना, ते बघावंच लागतं.

हे सगळं मी मावशीला फोनवर समजावत होतो. 'वजन' म्हटल्यावर ती थांबली. म्हणाली, "उतरलंय रे थोडं. दिवाळीपासून चार किलो. मला वाटलं, बरंच झालं."

गुरुवारी सकाळी अकराची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मी बुधवारी रात्रीच्या गाडीने सांगलीला निघतोय.