रग्बी म्हणजे ‘मान मोडणारा खेळ’? त्या व्हॉट्सॲप फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

नववी-दहावीतल्या मुलामुलींच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरत असतो. त्याचा सारांश असा: रग्बी म्हणजे हेल्मेट न घालता खेळायचं अमेरिकन फुटबॉल, त्यात मान मोडते. त्याला ऐंशी-नव्वद किलोचे पोट्टे लागतात. पंधराव्या वर्षी सुरुवात करणं म्हणजे उशीरच. कबड्डीवाल्यांना मात्र ते आयतं जमतं. आणि नागपुरात हिरवळच नाही, तर खेळणार कुठे? यातलं थोडं अर्धवट खरं आहे, कबड्डीचं वाक्य तर चक्क धोक्याचं आहे.

‘हेल्मेट नाही’ यापासून सुरू करू. अमेरिकन फुटबॉलमध्ये ज्याच्याकडे चेंडू नाही त्यालाही अंगाने अडवता येतं. रग्बीत टॅकल, म्हणजे पकडून खाली पाडणं, फक्त चेंडूवाल्याला, तोही खांद्याच्या रेषेखाली आणि हातांची मिठी घालूनच. उडी मारून हवेत असलेल्याला टॅकल करायचा नाही. कुणाला उचलून डोक्यावर आपटलं तर लाल कार्ड. काही खेळाडूंच्या डोक्यावर जी मऊ टोपी दिसते ती स्क्रम कॅप. ती कान आणि कातडी वाचवते, मेंदूला बसणारा हादरा थांबवत नाही. त्यामुळे ‘टोपी घातली ना, मग बिनधास्त घूस’ असं सांगणं चूकच. माउथगार्ड मात्र पहिल्या टॅकलच्या आधी हवा. गरम पाण्यात मऊ करून स्वतःच्या दातांवर बसवायचा प्रकार खेळाच्या दुकानात मिळतो. दातांना तारा असतील तर आधी दंतवैद्याला विचारा.

मानेची भीती बहुतेकांना स्क्रमचे, म्हणजे दोन्हीकडचे खेळाडू वाकून, खांदे भिडवून एकमेकांना ढकलतात त्याचे, फोटो पाहून वाटते. आपल्याकडे नवखे खेळाडू बहुधा सेव्हन्स खेळतात: सात खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव, स्क्रममध्ये दोन्हीकडून तीन-तीनच जण. पंधरा जणांच्या खेळातही 19 वर्षांखालच्यांना स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त ढकलता येत नाही. तरीही दुखापती होतात, आणि सर्वांत जास्त टॅकलमध्येच होतात. ‘काही होत नाही हो’ म्हणणारा प्रशिक्षक त्या फॉरवर्डइतकाच चुकतो.

आता कबड्डी. पकड, दम, खाली वाकून राहायची सवय हे सगळं उपयोगी पडतं, यात वाद नाही. पण चढाईपटूला खांद्याने धडक देऊन मैदानाबाहेर काढणं, ज्याला कबड्डीत डॅश म्हणतात, ते रग्बीत फाउल आहे. मिठी न घालता दिलेली धडक म्हणजे पेनल्टी, आणि जोरात असेल तर कार्ड. दुसरी सवय घोट्याला हात घालायची. समोरचा पूर्ण वेगात असताना लांबून नुसता हात टाकला की एक तर तो निसटतो, नाहीतर टाकणाऱ्याचा खांदा उखडतो. म्हणून कबड्डीवाल्यालाही टॅकल पहिल्यापासून शिकवावा लागतो. कधी कधी जास्तच, कारण त्याला स्वतःवर भरवसा असतो.

शिकवायचा क्रम ठरलेला आहे. आधी पडायला शिकायचं: चेंडू दोन्ही हातांनी छातीशी, मग गुडघा, नितंब, खांदा या क्रमाने जमिनीवर. हात टेकायचा नाही. घसरताना सगळेच हात पुढे करतात आणि मनगट किंवा गळपट्टीचं हाड तिथेच मोडतं. त्यानंतर टॅकल, पण दोघंही गुडघ्यांवर बसून. मग टॅकल करणारा गुडघ्यांवर आणि चेंडूवाला चालत. मग दोघं चालत. धावत सगळ्यात शेवटी.

टॅकल करताना आधी पाऊल जवळ न्यायचं, चेंडूवाल्याच्या पायांच्या अगदी लगत. ज्या बाजूचं पाऊल पुढे, त्याच बाजूचा खांदा लावायचा, पोट ते मांडी या पट्ट्यात. पाठ सरळ, हनुवटी वर, डोळे उघडे. गाल त्याच्या मांडीला किंवा नितंबाला चिकटला पाहिजे. बाजूने येत असाल तर डोकं त्याच्या पाठीमागे राहतं, पुढे कधीच नाही. मग हात आवळायचे, पाय चालू ठेवायचे, खाली गेलं की लगेच सोडायचं आणि उठायचं. पाऊल लांब पडलं की माणूस झेप घेतो, झेप घेतली की मान खाली जाते, आणि खाली झुकलेल्या मानेने टाळू आदळते. मानेच्या गंभीर दुखापतीची वाट हीच. डोकं चेंडूवाल्याच्या समोर गेलं तर त्याचा गुडघा कानशिलावर बसतो. उजव्या खांद्याने दहा टॅकल केले तर डाव्यानेही दहा करायचे, नाहीतर सामन्यात डावीकडून कुणी आला की डोकं नेमकं चुकीच्या बाजूला जातं.

हे सुरू होण्याआधी महिना-दीड महिना फक्त टच रग्बी. दोन्ही हातांनी स्पर्श झाला की टॅकल झाला असं धरायचं. रग्बीत हाताने पास पुढे देता येत नाही. मागे पास देणं, मागून धावत येऊन घेणं, हे इथेच पक्कं होतं. नवखा हमखास चेंडूवाल्याच्या बरोबरीने उभा राहतो आणि मग पास पुढे जातो. तीन-चार पावलं मागे राहा, हात आधीच छातीसमोर उघडे ठेवा, आणि पास सुटल्यावरच वेग घ्या. पंधरा वर्षांपासून पुढे चेंडू पाच नंबरचा, दहा ते चौदा वयाला चार नंबरचा. फुटबॉलचे बूट चालतात. स्टडच्या कडेवरून अंगठा फिरवून पाहा, खरखरीत किंवा धारदार लागली तर घासून घ्या.

वजनाबद्दल थोडक्यात. दक्षिण आफ्रिकेचा चेस्लिन कोल्बे उंचीने पाच फूट आठ इंचांच्या आसपास, आणि 2019च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने ट्राय केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून गुण मिळवले. वय चौदा-पंधराला खरा प्रश्न वेगळा असतो: एकाच वर्गात चाळीस किलोचाही असतो आणि दाढी फुटलेला सत्तरचाही. टॅकलच्या सरावात जोड्या वयाने नाही, अंगाने लावायच्या. हे न करणाऱ्या ठिकाणी तक्रार करायला पालकांनी लाजू नये.

उशीर झाला का? अमेरिकेचा कार्लिन आइल्स धावपटू होता. वयाच्या बाविशीत तो रग्बीकडे वळला आणि 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये खेळला. बिहारची स्वीटी कुमारीही किशोरवयात ॲथलेटिक्समधून आली.

मैदानाच्या बाबतीत फॉरवर्डने बोट योग्य ठिकाणी ठेवलं, पण निष्कर्ष चुकला. आपली काळी माती मार्चनंतर दगडासारखी होते आणि तिला घोटा अडकेल एवढ्या भेगा पडतात. मुरमाच्या मैदानावर तर गुडघ्याची सालटं निघतात. सोपी परीक्षा: टाच जोरात दाबा. खळगा पडला नाही तर त्या दिवशी फक्त टच. टॅकलचा सराव जुलै ते ऑक्टोबर, पाऊस उघडल्यावर. चिखल स्टडमध्ये भरला की तो काढूनच पुन्हा धावायचं, नाहीतर पाय घसरतो. बाकीचे महिने कुस्तीची मॅट किंवा आखाड्यातली उकरलेली माती उत्तम. नागपुरात आखाड्यांची वानवा नाही. खरचटणं ठरलेलंच आहे, म्हणून धनुर्वाताची लस पाहून घ्या, सरकारी वेळापत्रकात ती 10 आणि 16व्या वर्षी असते.

फॉरवर्डमध्ये न आलेला धोका म्हणजे ऊन. पारा पंचेचाळीसला टेकतो त्या मे महिन्यात संध्याकाळी पाचचा सराव म्हणजे वेडेपणा, तेव्हा मैदानच भट्टीसारखं तापलेलं असतं. पहाटे सहा ते साडेसात, दर पंधरा मिनिटांनी पाणी. मळमळ, डोकं दुखणं किंवा बोलण्यात गोंधळ दिसला की लगेच सावलीत न्यायचं आणि अंगावर पाणी ओतायचं. गोंधळ किंवा बेशुद्धी असेल तर त्याच वेळी 108.

डोक्याला मार लागल्यावर तोंडावर पाणी मारून परत मैदानात पाठवायची पद्धत बंद करा. गोंधळलेली नजर, उशिरा उत्तर, उलटी, दोन-दोन दिसणं, क्षणभर शुद्ध हरपणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवसाचा खेळ संपला आणि डॉक्टरांकडे. सामन्यात परतायला निदान तीन आठवडे. मान दुखते किंवा हातापायाला मुंग्या येतात म्हणाला तर उचलू नका, डोकं स्थिर धरून ठेवा आणि 108 ला फोन करा.

वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन चकरा नव्हेत. वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेचा ‘ॲक्टिव्हेट’ हा साधारण वीस मिनिटांचा व्यायामक्रम इंग्लंडमधल्या 14 ते 18 वयाच्या शाळकरी मुलांवर तपासला गेला. आठवड्यातून तीनदा करणाऱ्या संघांत सामन्यातल्या दुखापती 72 टक्क्यांनी कमी आढळल्या. त्यात एका पायावर तोल सांभाळणं, उडी मारून नीट उतरणं आणि तळहाताने डोक्याला चारही बाजूंनी दाब देऊन मान पक्की करणं असतं. वर्ल्ड रग्बीचा ‘रग्बी रेडी’ हा सुरक्षिततेचा ऑनलाइन कोर्सही फुकट आहे, पालकांनीही करावा.

‘पुढे काही नाही’ हे पुरवणी वाक्यही कधी कधी चिकटवलेलं असतं. सेव्हन्स 2016पासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि 2025मध्ये मुंबईत सहा संघांची रग्बी प्रीमियर लीगही झाली. शालेय स्पर्धा, वाढीव गुण, नोकरीतलं आरक्षण यांचे नियम दरवर्षी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारूनच ठरवा, ऐकीव माहितीवर नको.

प्रवेश घेण्याआधी प्रशिक्षकाला तीन प्रश्न विचारा. पहिला टॅकल कितव्या आठवड्यात? जोड्या कशा लावता? प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे? पहिल्याच दिवशी टॅकल घेतो असं उत्तर आलं तर मुलाला घेऊन घरी या आणि दुसरं मैदान शोधा.