लागला का गेम?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला, माझ्या कॉम्प्युटरकडे बघितलं आणि म्हणाला, "मामा, विंडोज 10 गेलं." 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा सपोर्ट संपला, हे मी पेपरात वाचलं होतं, पण आपल्याच घरात सुतक आहे हे लक्षात आलं नव्हतं. 11 टाकावं तर त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, आणि माझा मदरबोर्ड त्याआधीचा.

"मग बझाइट टाकू. विंडोजऐवजी चालणारी सिस्टीम, फेडोरा नावाच्या लिनक्सवर बांधलेली, ओपन सोर्स, खास गेमिंगसाठी. फुकट!"

फुकट म्हटल्यावर मी पुढचं ऐकत नाही.

जेवताना आईनं विचारलं, नक्की काय चाललंय? मी समजावलं : गेम असतात विंडोजचे, लिनक्सला त्यांची भाषा कळत नाही. मग लग्नाच्या बोलणीत असतो तसा मध्यस्थ लागतो. गेम डायरेक्टएक्समध्ये बोलणार, हा ते व्हल्कनमध्ये सांगणार. स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं 2018 मध्ये आणला, त्याचं नाव प्रोटॉन. "पण प्रोटॉनच्या पोटात वाईन असते. 1993 पासूनची."

"इतकी जुनी?" आई म्हणाली. "आणि पोराला कशाला देतोस?" (ही वाईन म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, पण आई ऐकते कुठे.)

पेनड्राइव्ह तयार केला, इन्स्टॉल झालं, मशीन रीस्टार्ट झालं आणि मी चहा टाकायला उठलो. तेवढ्यात निळा पडदा येऊन गेला. अनोळखी सिस्टीम सुरूच होऊ न देणारा सिक्युअर बूट नावाचा दरवान असतो, त्याला नवीन चावीची ओळख करून द्यायची असते, आणि तो पडदा दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात कुठलंही बटण दाबायचं. नाही दाबलं तर पुढे काळ्या पडद्यावर सिग्नेचर चुकल्याची तक्रार, आणि मशीन ठप्प. मग सिक्युअर बूट बंद करून आत शिरलो, चावीची मागणी नव्यानं नोंदवली, पुन्हा रीस्टार्ट. आता चहा उतू गेला. पुन्हा तेच सगळं. तिसऱ्यांदा मी कीबोर्ड मांडीवर घेऊन बसलो. 'एनरोल एमओके', 'कंटिन्यू', 'येस', मग पासवर्ड : युनिव्हर्सलब्लू, सगळा सलग. टाइप करताना मात्र पडद्यावर काही उमटत नाही, साधी टिंबंही नाहीत. मी एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाइप केलं. आतून आईनं विचारलं, "स्तोत्र का रे?"

चालू झालं. खरं सांगतो, झकास चालू झालं. भाच्यानं दोन जुने गेम लावले, दोन्ही पळाले. माझी कॉलर ताठ.

मग त्यानं मित्रांबरोबर खेळायचा तो गेम उघडला. त्यात चीटिंग पकडायला एक पहारेकरी असतो, तो थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात ठाण मांडतो. इथे विंडोजचं कर्नलच नाही. तिथवर आमच्या मध्यस्थाचाही हात पोचत नाही.

"अरे, मग हे आधी...?"

"मी सांगत होतो मामा. तुम्ही 'फुकट'लाच उठलात."

तो फोन घेऊन गादीवर आडवा झाला. मला मात्र राहवेना. कपाटात माझी कॉलेजातली गाड्यांच्या रेसची सीडी होती. प्रोटॉनच्या एका आवृत्तीनं ती उघडेना. दुसरीनं उघडून बंद केली. तिसरीला इंजिन गुरगुरलं!

दीड वाजता बायको दारात उभी. "अहो, तो कधीचा झोपलाय. कुणासाठी लावताय?"

"आवाज येतोय," मी म्हटलं. "फक्त चित्र यायचंय."