लैंगिक गुन्हेगारांची यादी कुणाच्या हातात असावी?

लहान मुलावरच्या अत्याचाराची बातमी आली की एक मागणी हमखास होते. शिक्षा झालेल्या लैंगिक गुन्हेगारांची नावं, फोटो आणि पत्ते अमेरिकेसारखे सगळ्यांना बघता येतील असे जाहीर करा. त्यामागचा संताप रास्त आहे. पण अशा याद्या प्रत्यक्षात कशा चालतात हे पाहिलं, तर यादी हवीच असं वाटतं आणि ती जाहीर करू नये असंही तितक्याच ठामपणे वाटतं. का, ते लिहितो.

यादीची कल्पना जुनी आहे. कॅलिफोर्नियाने 1947 मध्येच नोंदणी सक्तीची केली होती. देशभराचा कायदा मात्र एका अपहरणानंतर आला. 22 ऑक्टोबर 1989 ला मिनेसोटातल्या सेंट जोसेफ गावाजवळ जेकब वेटरलिंग या 11 वर्षांच्या मुलाला एका मुखवटाधारी माणसाने पळवलं. मूल हरवल्यावर पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात. त्या वेळात कुणाची दारं ठोठवायची हे सांगणारी यादी पोलिसांकडे असावी, यासाठी त्याच्या आईने, पॅटी वेटरलिंग यांनी, लढा दिला आणि 1994 मध्ये जेकबच्या नावाने कायदा झाला. जेकबचे अवशेष 2016 मध्ये सापडले. हा कायदा मुख्यतः पोलिसांच्या उपयोगासाठी होता. शिक्षा संपली तरी काहींच्या बाबतीत धोका संपत नाही, म्हणून तो माणूस कुठे राहतो हे पोलिसांना ठाऊक असावं, एवढाच त्याचा हेतू.

त्याच वर्षी, 29 जुलै 1994 ला, न्यू जर्सीतल्या हॅमिल्टन टाउनशिपमध्ये सात वर्षांच्या मेगन कान्काचा खून झाला. मारेकरी समोरच्याच घरात राहत होता आणि त्याला लैंगिक गुन्ह्यांत आधी दोनदा शिक्षा झालेली होती. मेगनच्या आईवडिलांना याचा पत्ता नव्हता. सुमारे तीन महिन्यांत न्यू जर्सीने अशा माणसांची माहिती लोकांना द्यायचा कायदा केला, 1996 मध्ये तो देशपातळीवर गेला आणि पोलिसांची यादी लोकांची झाली.

आजची चौकट 2006 च्या अ‍ॅडम वॉल्श कायद्याची आहे. त्यात गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणे तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत 15 वर्षं नोंदणी आणि वर्षातून एकदा स्वतः हजर राहून पडताळणी. दुसरीत 25 वर्षं, दर सहा महिन्यांनी. तिसरीत आजन्म, दर तीन महिन्यांनी. नाव, घर, नोकरी किंवा कॉलेज बदललं तर कामकाजाच्या तीन दिवसांत समक्ष जाऊन कळवायचं. नोंदणी टाळून दुसऱ्या राज्यात गेला, तर केंद्रीय कायद्याखाली 10 वर्षांपर्यंत कैद. परदेशी जायच्या 21 दिवस आधी कळवावं लागतं, आणि 2016 च्या कायद्यानुसार गुन्हा अल्पवयीन मुलाविरुद्धचा असेल तर तशी नोंद पासपोर्टवरच छापली जाते. प्रत्यक्षात मात्र बहुसंख्य राज्यांनी ही चौकट पूर्ण स्वीकारलेली नाही, त्यामुळे राज्यागणिक नियम वेगळे. न्यू जर्सीतल्या एडिसनला घर घेणारी मराठी कुटुंबंही परिसरातली नावं वेबसाइटवर बघतात. पण न्यू जर्सीत सगळी नावं तिथे नसतात. सर्वांत कमी धोक्याच्या श्रेणीतली माणसं फक्त पोलिसांना ठाऊक असतात. मधल्या श्रेणीची माहिती शाळा आणि पाळणाघरांनाही जाते, आणि शेजाऱ्यांना घरोघरी कळवलं जातं ते फक्त सर्वांत वरच्या श्रेणीबद्दल. नकाशावर ठिपका दिसला नाही म्हणजे गल्ली सुरक्षित, असं समजणं चूक आहे.

या सगळ्याने गुन्हे कमी झाले का? खुद्द न्यू जर्सीत 2008 मध्ये झालेल्या अभ्यासात मेगनच्या कायद्यामुळे पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण किंवा बळींची संख्या घटल्याचं दिसलं नाही. प्रेस्कॉट आणि रॉकॉफ या संशोधकांचा 2011 चा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या करून तपासल्या. पोलिसांकडची नोंदणी ओळखीच्या लोकांवरचे गुन्हे कमी करताना दिसते. नावं जाहीर करणं मात्र नोंद झालेल्यांना पुन्हा गुन्ह्याकडे ढकलत असावं. ज्याला कुणी घर देत नाही, नोकरी देत नाही, त्याच्याकडे सुधारून गमावण्यासारखं काही उरत नाही.

मायामीत हे उघड्यावर दिसलं. शाळेपासून 2500 फुटांच्या, म्हणजे सुमारे 760 मीटरच्या आत राहायला बंदी घातल्यावर दाट शहरात कायदेशीर घर मिळणं जवळपास अशक्य झालं. माणसं ज्युलिया टटल पुलाखाली तंबू ठोकून राहू लागली. ती वस्ती 2010 मध्ये हटवली, पण अडचण तशीच राहिली. ज्याला धड पत्ता नाही त्याच्यावर पोलीस लक्ष कसं ठेवणार? यादीचा मूळ हेतूच इथे हरतो.

दुसरी चूक सरसकटपणाची. कॅलिफोर्नियात 2021 पर्यंत जवळपास प्रत्येकाची नोंद आजन्म असे. अमेरिकेत आज सात लाखांहून अधिक नावं नोंदलेली आहेत. इतक्या मोठ्या यादीत खरोखर धोकादायक माणूस गर्दीत हरवतो, आणि नेमक्या त्याच्याकडे जायला पोलिसाला वेळ पुरत नाही. ज्यांच्या मुलामुळे हा कायदा आला त्या पॅटी वेटरलिंग यांनीही पुढे या अतिव्याप्तीवर जाहीर टीका केली.

आता आपल्याकडचं. अनेकांना माहीत नसतं, पण भारतात अशी यादी आहे. 20 सप्टेंबर 2018 ला राष्ट्रीय लैंगिक गुन्हेगार डेटाबेस सुरू झाला. तो राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, सांभाळतो. सुरुवातीलाच त्यात सुमारे 4.4 लाख नोंदी होत्या. तो फक्त तपास यंत्रणांना उघडतो, लोकांना नाही, आणि हे योग्यच आहे.

त्याची उणीव वेगळीच आहे. संसदेने यासाठी वेगळा कायदा केलेला नाही, त्यामुळे सुटून आलेल्या माणसावर कसलंही बंधन येत नाही. त्याने घर बदललं, तो जळगावहून पिंपरीला गेला, शाळेच्या बसवर मदतनीस म्हणून लागला, तरी कुणाला कळवणं त्याच्यावर सक्तीचं नाही. फौजदारी प्रक्रियेत पत्ता कळवायला लावणारी एक तरतूद आहे, आधी सीआरपीसीचं कलम 356 आणि आता नागरिक सुरक्षा संहितेचं 394. पण ती गंभीर गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्यासाठी, न्यायालयाला वाटलं तर, आणि फार तर पाच वर्षांसाठी. पहिल्याच गुन्ह्यात मुलावर अत्याचार केलेला माणूस त्यात येतच नाही.

मग नावं जाहीर का करू नयेत? कारण आपल्याकडे बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, असं एनसीआरबीचीच आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते. बाप, काका, मामा, शेजारी, शिकवणीचा मास्तर. बापाचं नाव आणि पत्ता जाहीर केला की मुलगी कोण हे गावाला कळलंच. पीडित मुलाची ओळख उघड करायला पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम 23 मनाई करतं. एका हाताने ओळख झाकायची आणि दुसऱ्या हाताने ती वेबसाइटवर टाकायची, हे कसं चालेल? शिवाय घराण्याचं नाव कायमचं यादीत जाणार म्हटल्यावर आजी-आत्या मुलीलाच गप्प बसवतील. तक्रारच झाली नाही तर पुढे काहीच होत नाही.

आणखी एक गोष्ट. पोक्सोमध्ये संमतीचं वय 18 आहे आणि जवळच्या वयाच्या जोडप्यांना सूट नाही. 17 वर्षांच्या मुलीसोबत पळून गेलेला 19 वर्षांचा मुलगा कायद्याने त्याच रांगेत बसतो. श्रेणी न करता यादी चौकात लावली, तर त्याचा फोटो चार वर्षांच्या मुलीवर अत्याचार करणाऱ्याच्या शेजारी लागेल.

माझ्या मते ब्रिटनकडून घेण्यासारखं बरंच आहे. तिथली यादी पोलिसांकडेच असते, पण बंधन गुन्हेगारावर असतं. सुटल्यावर तीन दिवसांत नाव, पत्ता, बँक खातं, पासपोर्ट हे सगळं कळवायचं. मूल राहतं अशा घरात 12 तास किंवा अधिक थांबायचं असेल तरी कळवायचं. हे टाळलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. आजन्म नोंद असलेल्याला 15 वर्षांनी फेरविचार मागता येतो. आणि आपल्या मुलाच्या सहवासात आलेल्या ठरावीक माणसाबद्दल आईवडील पोलिसांकडे चौकशी करू शकतात. धोका दिसला तर पोलीस फक्त त्यांनाच, गुप्त ठेवण्याच्या अटीवर सांगतात.

तिथेही एक भीषण चूक झाली आणि तीच आपल्याला टाळायची आहे. 2002 मध्ये सोहम गावात दोन दहा वर्षांच्या मुलींचा खून करणारा माणूस शाळेचा केअरटेकर होता. त्याच्यावर आधीचे आरोप होते, पण दुसऱ्या पोलीस विभागात. शिवाय नोकरीच्या वेळी त्याची पडताळणी त्याने दिलेल्या दुसऱ्या आडनावाने झाली. माहिती होती, ती विचारणाऱ्यापर्यंत पोचली नाही.

आपल्याकडे ही कडी जोडायला नियम तयार आहे. पोक्सो नियम 2020 मधला तिसरा नियम सांगतो की शाळा, पाळणाघर, क्रीडा प्रबोधिनी अशा प्रत्येक संस्थेने मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायचीच, मग तो शिक्षक असो वा नसो, कायम असो वा कंत्राटी. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचारानंतर राज्य सरकारने ऑगस्ट 2024 च्या शासन निर्णयात हेच पुन्हा बजावलं. पण पडताळणी उमेदवाराने दिलेल्या पत्त्याच्या पोलीस ठाण्यापुरतीच राहिली, तर दुसऱ्या जिल्ह्यातली शिक्षा दिसणार नाही. आडनावाचं स्पेलिंग बदललं तरी नोंद निसटते. म्हणून नुसतं नाव पुरेसं नाही, राष्ट्रीय डेटाबेसमध्ये बोटांच्या ठशांवरून शोध व्हायला हवा, आणि त्याचं उत्तर शाळेला फक्त ‘नेमता येईल’ किंवा ‘नेमता येणार नाही’ एवढंच मिळायला हवं.

तोवर पालक सभेत हे प्रश्न लेखी विचारा. सफाई कामगार, बसचालक, बसमधल्या ताई, सुरक्षारक्षक यांच्यापैकी कुणाकुणाची पडताळणी झाली, कोणत्या तारखेला झाली? कंत्राटदाराने माणूस बदलला, तर नव्याची पडताळणी तो कामावर येण्याआधी होते की नंतर? मागच्या पाच वर्षांतले सगळे पत्ते दिले होते का? आणि शाळेत काही घडल्याचं कळलं तर मुख्याध्यापकांना ‘आधी आपल्यात बघू’ म्हणायची मुभा नाही. पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि कनिष्ठाने केलेला गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम 21 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शाळा टाळाटाळ करत असेल तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, किंवा थेट पोलीस ठाण्यात जा.