बोहारणीला काय द्यावं, कधी द्यावं

स्वतःची वेगळी स्टाइल हवी असेल, तर घरातल्या कुणीतरी बाईने पन्नास वर्षांपूर्वी ट्रंक भरून ठेवलेली असावी लागते. इरकली लुगडी, खणाच्या चोळ्या, फुग्याच्या बाह्यांचे ब्लाउज, वर डांबराच्या गोळ्या. ही ट्रंक तुम्हाला योग्य वेळी रिकामी करायची आहे. योग्य वेळ म्हणजे आतला माल पुन्हा फॅशनमध्ये येण्याच्या जरा आधी.

ती कशी ओळखायची? जेम्स लेव्हर या इंग्रज वेशभूषा-अभ्यासकाने १९३७ साली याचं कोष्टकच मांडून ठेवलंय. चलतीच्या काळात झोकदार असलेला कपडा वर्षभरात गबाळा दिसतो, दहा वर्षांनी भयाण, वीस वर्षांनी हास्यास्पद. तिसाव्या वर्षी त्याची गंमत वाटू लागते, सत्तराव्या वर्षी तो लोभस होतो आणि दीडशे वर्षं तग धरली तर चक्क सुंदर. आपल्याकडे बोहारीण नेमकी विसाव्या वर्षी दार वाजवते. तिला सगळं देऊन टाका आणि स्टीलचा डबा घ्या. झाकण घट्ट बसत नसलं तरी घ्या. पुढे तसलंच लुगडं ‘व्हिंटेज’ म्हणून प्रदर्शनात टांगलेलं दिसेल, तेव्हा डब्याच्या बदल्यात ते परत मिळत नाही. हा बाजाराचा कोतेपणा, तुमचा दोष नाही.

दुसरं पथ्य महत्त्वाचं: कपडा आधी वापरणारीपासून तोडा. खणाचंच बघा. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला विणला जाणारा हा अरुंद पन्ह्याचा कपडा, चोळीपुरता. मंडईत भाजी विकणारीच्या अंगावर होता तोवर गावंढळ होता. आपल्या घरात तो ओटीतून यायचा आणि न उलगडता पुढच्या ओटीत जायचा; एखादा चार घरं फिरून मूळ मालकिणीकडे परतायचा, आणि तीही ओळख न दाखवता हळदीकुंकू लावून तो पुढे ढकलायची. मग खणाची डायरी झाली, पर्स झाली, करोनात मास्क झाला, आता अख्खी साडीही मिळते. तुम्हीही चोळी सोडून त्याचं काहीही शिवा. घ्यायचा मात्र पॉवरलूमचा, स्वस्त पडतो. हातमागाच्या विणकरांविषयीचा जिव्हाळा फोटोखाली लिहायला पुरेशी जागा असते.

नऊवारी नेसू नका, चढवा. शिवलेली मिळते, नाडीची, हवी तर मोबाइलच्या खिशासकट. आजी काष्टा मारून पाणी शेंदायची, धुणं धुवायची, भात लावायची. तुम्हाला गुढीपाडव्याला गिरगावात बुलेटवर बसायचंय, तेही गॉगल लावून. कामं वेगळी, तर साडीही वेगळी. नाकाला भोक नसलं तर प्रेसची नथ आहेच. ती श्रीखंडात पडते, म्हणून जेवण फोटोनंतर.

पुरुषांना फार कष्ट नाहीत. वडिलांच्या सत्तरच्या दशकातल्या फोटोतल्या बेलबॉटमवर पोट धरून हसावं आणि मग दुकानात जाऊन ‘वाइड लेग’ मागावी.

पायांचा प्रश्न जरा राष्ट्रीय आहे. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमधले मॉडेल कोल्हापुरीसारख्या चपला घालून चालले आणि त्या चपलांची ओळख नुसती ‘लेदर सँडल’ अशी दिली गेली. इथे गदारोळ झाल्यावर कंपनीने प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं. २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे आणि त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचेही चार जिल्हे आहेत. हा उत्तरार्ध संतापाच्या भरात वगळला तरी चालतो. संताप व्यक्त करताना पायात स्पोर्ट शूज असावेत, कारण कोल्हापुरी पावसात भिजते आणि नवीन असताना चावते. पुढे कधी अंबाबाईच्या दर्शनाला गेलात, तर चपलांच्या दुकानात घासाघीस करून जोडीमागे शंभर रुपये कमी करून घ्या. मिलानमधल्या किमतीचा विषय तिथे काढू नये. दुकानदाराला उगाच आशा लागते.

एवढं सगळं जमवल्यावर एकच अडचण उरते. घरात एखादी आजी अजून रोज लुगडंच नेसत असते. ती फॅशनमधून कधी गेलीच नाही, त्यामुळे तिला परतही येता येत नाही. शिवाय तिचा काष्टा जरा ढगळ असतो, पदर धुवट असतो, आणि नातीच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत ते चटकन नजरेत भरतं. तिला जवळ घेऊन सांगा, “आजी, आज थीम आहे, तू शिवलेलीच घाल.” नाडी पुढे बांधायची की बाजूला, हे तिला कळणार नाही. तेवढं न चिडता शिकवा.