बिंदू दुसरीतल्या मुलांना कळतो

नाशिकला माझ्या मावसबहिणीचा मुलगा दुसरीत आहे. चित्रकार सय्यद हैदर रझांचा बिंदू, म्हणजे त्यांच्या चित्रांतला तो मोठा गोल, बघून आपापलं चित्र काढून आणा, असं त्याच्या वर्गाला सांगितलं आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला. ‘आधी आंबा, तांब्या नीट काढू दे, मग ही मोठ्यांची थेरं.’ ‘गोल रंगवायला फी भरतो का आपण?’ ‘नक्कलच करायची तर कळेल अशा चित्राची तरी करा.’ मी शाळेची बाजू घेतली, तर मामांनी सुनावलं, ‘तू तिकडे बसून बोलू नकोस. इथल्या शाळांचं इथले बघतील.’

बोलणार आहे मी.

मी नेदरलँड्समध्ये राहते. इथे डेन हागला माझ्या मुलीचा ग्रूप चारचा, म्हणजे आपल्या दुसरीचा, वर्ग मोंद्रियान या डच चित्रकाराची चित्रं बघायला गेला, तेव्हा मदतीला मीही गेले होते. सायकली लावल्या, मुलं म्युझियमच्या जमिनीवर फतकल मारून बसली. युफने, म्हणजे त्यांच्या बाईंनी, मोंद्रियानच्या ओळखीच्या लाल-पिवळ्या-निळ्या चौकोनांपासून सुरुवात केलीच नाही. आधी १९०८ ते १९१० मधलं लाल झाड दाखवलं, निळ्या संध्याकाळी पेटल्यासारखं दिसणारं. मग १९११चं करडं झाड. मग १९१२चं बहरलेलं सफरचंदाचं झाड, ज्यात झाड शोधावं लागतं. ‘कुठे गेलं झाड?’ एवढंच तिने विचारलं आणि गप्प बसली. बराच वेळ गेला. मग एक मुलगा म्हणाला, ‘तो फांद्या नाही काढत आहे, मधल्या मोकळ्या जागा काढतोय.’ सात वर्षांचं पोर! ज्याला आपण ‘मोठ्यांचं’ म्हणून कपाटात ठेवतो, ते त्याने नुसतं बघून ओळखलं.

शेवटी ‘व्हिक्टरी बूगी वूगी’. १९४४ मध्ये मोंद्रियान गेला तेव्हा हे चित्र अपुरंच होतं, रंगीत चिकटपट्ट्यांचे तुकडे आजही त्यावर आहेत. मुलांना पट्ट्या दिल्या, चिकटवा, उचला, पुन्हा लावा म्हणून. एकाचं दुसऱ्यासारखं झालं नाही. छापील चौकोन भरायला दिले असते तर सगळ्यांची चित्रं सारखीच आली असती. तेव्हा नाशिकच्या शाळेने छापील गोल वाटले असतील, तर माझाही विरोध आहे. पण ग्रुपवरची तक्रार ती नाहीच. तक्रार रझांबद्दल आहे.

मी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. त्या परीक्षांनी हाताला वळण दिलं, त्याबद्दल मला आदर आहे. पण त्या सगळ्या वर्षांत एकाही चित्रकाराचं नाव कानावर पडलं नाही. चित्रकार गायतोंडे नागपुरात जन्मले, रझा नागपुरात आणि मग मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले, आणि ही दोन्ही नावं मला परदेशात आल्यावर समजली. याचा मला अजून राग येतो.

‘आधी वस्तू, मग बिंदू’ म्हणणाऱ्यांनी रझांची १९४० च्या दशकातली मुंबईच्या रस्त्यांची, काश्मीरची जलरंगचित्रं बघावीत. तो माणूस सगळं काढून मगच बिंदूपाशी आला. आणि बिंदूची गोष्ट तर लहान मुलाचीच आहे. मध्य प्रदेशातल्या खेड्यातली प्राथमिक शाळा, लक्ष न लागणारा मुलगा, आणि भिंतीवर एक ठिपका काढून ‘याच्याकडे बघत बस’ म्हणणारे मास्तर. दुसरीतल्या कुठल्या मुलाला हे कळणार नाही? आंब्यापेक्षा लवकर कळेल.

तो ठिपका रझांच्या चित्रांत ठाण मांडून बसला तो फ्रान्समध्ये. १९५० साली ते तिकडे गेले आणि साठ वर्षं राहिले. १९८१च्या ‘माँ’ या चित्रावर त्यांनी देवनागरीत ओळ लिहिली आहे, परत येताना तुझ्यासाठी काय आणू असं आईला विचारणारी. ते चित्र फक्त छापील पाहिलं आहे मी, तरी त्याच्यापुढे फार वेळ थांबवत नाही. मोंद्रियानही आधी पॅरिसला, मग लंडनला, मग न्यूयॉर्कला गेला आणि तिथेच वारला. इथली मुलं त्याला बिनदिक्कत ‘आमचा’ म्हणतात. माझी मुलगीसुद्धा म्हणते. मला तसं म्हणता येत नाही. शाळेच्या पालकसभेत मी बहुतेक वेळ ऐकत असते, कारण तिथे माझं मत बाहेरून आलेलं वाटतं. आणि आता घरच्या ग्रुपवरही तेच. मामांच्या वाक्याने मी दोन रात्री नीट झोपले नाही, ती चित्रकलेमुळे नव्हे.

रविवारी भाच्याला व्हिडिओ कॉल करणार आहे. माझी मुलगी शेजारी बसेल. दोघांना आधी मास्तरांची गोष्ट, मग आपापल्या भिंतीवर एक ठिपका, आणि मग कागद. रंग हवे ते घ्या. मावसबहिणीने भिंतीला परवानगी दिली आहे. मामांना मी विचारलेलं नाही.